पंडित सुंदरलाल शर्मा : छत्तीसगडातील एका समेटाचे चरित्र

छत्तीसगडी साहित्याच्या इतिहासात पंडित सुंदरलाल शर्मा (१८८१–१९४०) यांचे स्थान आद्य कवींच्या मालिकेत आहे. राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात ते रायपूर जिल्ह्यातील काँग्रेसचे एक अग्रणी म्हणून, तर समाजसुधारणेच्या इतिहासात सतनामी समाजात कार्य करणारे ब्राह्मण कार्यकर्ते म्हणून ओळखले जातात. ही तीन चरित्रे बहुधा तीन निरनिराळ्या प्रकरणांत सांगितली जातात. वस्तुतः ती एकाच प्रश्नाभोवती फिरतात. ज्या समाजाला दुसऱ्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या उंबरठ्याबाहेर ठेवले, त्या दोहोंमध्ये समेट व्हावयाचा तर तो कोणाच्या अटींवर, हा तो प्रश्न होय.

सुंदरलालांचा जन्म २१ डिसेंबर १८८१ रोजी राजीमजवळील चमसूर या खेड्यात झाला. वडील जियालाल तिवारी हे कांकेर संस्थानात कायदेविषयक सल्लागार होते. घरची स्थिती सुखवस्तू होती. गावच्या शाळेपलीकडे त्यांचे शिक्षण झाले ते घरीच. संस्कृत, मराठी, बंगाली, उडिया या भाषा त्यांनी मुख्यतः स्वप्रयत्नाने आत्मसात केल्या. छत्तीसगड १७४१ पासून १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होता, आणि त्यानंतरही रायपूर–धमतरीच्या सार्वजनिक जीवनात मराठी कुटुंबांचा वावर मोठा होता. सुंदरलालांचे निकटचे सहकारी नारायणराव मेघावाले हे त्यांपैकीच एक. १९०७ च्या सुरत काँग्रेसला हे दोघे बरोबर गेले होते.

काव्यरचनेस त्यांनी लहान वयातच आरंभ केला. त्यांच्या ग्रंथांत प्रल्हाद आणि ध्रुव यांची आख्याने आहेत, नाटके आहेत, कादंबरी आहे. परंतु त्यांची कीर्ती टिकली ती विसाव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या छत्तीसगडी ‘दानलीला’ या काव्यामुळे. विषय परंपरागत आहे. मथुरेच्या बाजारास दूध-दही घेऊन निघालेल्या गोपींना कृष्ण व त्याचे सवंगडी वाटेत अडवतात आणि दान, म्हणजे जकात, मागतात. आपल्याकडे गौळणींच्या रचनांतून हा प्रसंग एकनाथांपासून तमाशाच्या फडापर्यंत सर्वांच्या परिचयाचा आहे. सुंदरलालांचे नावीन्य कथेत नसून भाषेत होते. ज्या बोलीत त्या काळी सुशिक्षित मनुष्य पत्रही लिहीत नसे, त्या बोलीत त्यांनी प्रबंधकाव्य रचले. हिरालाल काव्योपाध्याय यांनी सिद्ध केलेले छत्तीसगडी व्याकरण ग्रियर्सन यांनी १८९० मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केले होते; त्या व्याकरणाने भाषेला शास्त्राची मान्यता दिली, ‘दानलीले’ने काव्याची दिली. शेतकऱ्याच्या आणि मजुरिणीच्या तोंडची भाषा देवाच्या लीलेला चालते, असे एकदा मान्य केल्यावर ती भाषा बोलणाऱ्या माणसाला देवळाच्या दारात अडविण्याचे समर्थन अवघड होते. कवीने ही संगती प्रथमपासून मनाशी मांडली होती असे म्हणण्याचे कारण नाही. त्याच्या पुढील आयुष्याने मात्र ती सिद्ध केली.

१९२० मध्ये धमतरीजवळच्या कंडेल गावी कालव्याचे पाणी चोरल्याचा आरोप ठेवून सरकारने शेतकऱ्यांवर सामुदायिक दंड बसविला. गावकऱ्यांनी तो भरण्याचे नाकारले. सुंदरलाल, मेघावाले आणि छोटेलाल श्रीवास्तव यांनी या लढ्याचे नेतृत्व केले आणि अखेर सरकारला माघार घ्यावी लागली. १९२२ मध्ये सुंदरलालांना कारावास घडला. रायपूरच्या तुरुंगात त्यांनी हस्तलिखित पत्रिका चालविली व तिला श्रीकृष्ण-जन्मस्थानाचे नाव दिले. कृष्णाचा जन्म बंदिशाळेत झाला, हा त्या नावातील ध्वनी उघड आहे. ‘दानलीले’तला खट्याळ कृष्ण येथे बंदिवानांचा सोबती झाला.

याच काळात त्यांचे सतनामी समाजातील कार्य चालू होते. त्याचे मर्म कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. गुरु घासीदास यांचा जन्म परंपरेनुसार १७५६ साली गिरौदपुरी येथे झाला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी सतनामाचा उपदेश केला. एकच निराकार सत्य मानावे, मूर्तिपूजा सोडावी, मद्य-मांस वर्ज्य करावे, माणसामाणसांत भेद मानू नये, अशी ही शिकवण होती. ज्यांना सवर्ण समाज अस्पृश्य मानी त्या शेतकरी कुटुंबांनी ती मोठ्या संख्येने स्वीकारली आणि गावोगाव पांढऱ्या ध्वजाचे जैतखांब उभे राहिले. घासीदासांचे पुत्र बालकदास यांनी अनुयायांना जानवे धारण करावयास लावले. हे सवर्णांना सहन झाले नाही. विरोधकांच्या हातून बालकदासांची हत्या झाली. सतनामपंथाच्या स्मृतीत जानव्याच्या सुताला हा रक्ताचा संदर्भ आहे.

सुंदरलालांनी सतनामींना जानवी दिली, त्यांच्यासाठी भजनांचे पुस्तक रचले आणि रायपुरात सतनामी आश्रम काढून मुलांच्या शिक्षणाची सोय केली. ब्राह्मणाने हे करावे याचा स्वजातीयांना जो संताप आला तो त्यांनी शांतपणे सोसला. उपहास वाट्याला आला, जातीत ते एकाकी पडले, वडिलोपार्जित संपत्ती सार्वजनिक कार्यात झिजली. परंतु त्यांच्या त्यागाकडे पाहताना एक भेद नजरेआड करून चालणार नाही. बालकदासांनी जानवे घेतले होते ते कोणाची अनुज्ञा न मागता. सुंदरलालांनी ते दिले. देणाऱ्याचा हेतू कितीही निर्मळ असला तरी दानात देणाऱ्याचा हात वर राहतो. जे एकाच्या दृष्टीने उदार आमंत्रण होते, ते दुसऱ्याच्या दृष्टीने पूर्वीच मिळविलेल्या हक्काची उशिरा आलेली पोच होती.

१९२५ मधील राजीमच्या मंदिरप्रवेशालाही हाच विचार लागू पडतो. महानदी, पैरी आणि सोंढूर यांच्या संगमावरील राजीवलोचनाचे मंदिर हे छत्तीसगडातील प्रमुख वैष्णव क्षेत्र. लोककथेप्रमाणे राजीम नावाच्या तेलिणीच्या भक्तीमुळे या क्षेत्राला हे नाव मिळाले. जे क्षेत्र एका कष्टकरी स्त्रीचे नाव मिरविते, त्याच्या दारी अस्पृश्य मानलेल्यांना मज्जाव होता. सुंदरलालांनी आपल्या गावच्या या देवळात त्यांना नेण्याचा प्रयत्न हाती घेतला. देऊळ त्यांच्या स्वतःच्या समाजाचे होते. तेव्हा या प्रयत्नाचा रोख बाहेरच्यांना सुधारण्यापेक्षा आतल्यांना जाब विचारण्याकडे अधिक होता. हेच त्याचे नैतिक बळ. मात्र घासीदासांनी मूर्तिपूजाच नाकारली होती. मूर्ती न मानणाऱ्या पंथीयाला मूर्तीच्या दर्शनाचा हक्क देणे, हा त्याचा सन्मान की त्याच्या वेगळ्या श्रद्धेचा विसर? दोन धर्ममार्गांच्या संवादात हा पेच नेहमीच उभा राहतो. दार उघडणारा आपल्या घराचे दार उघडतो; पाहुण्यालाही घर आहे, हे त्याच्या ध्यानी सहसा येत नाही.

सुंदरलालांचे मोठेपण असे की ते या टप्प्यावर थांबले नाहीत. १९२५ च्या डिसेंबरात कानपूर काँग्रेसला गुरु अगमदास, नैनदास, अंजोरदास ही सतनामी मंडळी गेली, तेव्हा सुंदरलाल त्यांच्याबरोबर होते. याच सुमारास सतनामी महासभा आकारास आली. विदर्भातील दलित पुढारी गणेश आकाजी गवई यांचा तिच्याशी संबंध आला. अवधच्या किसान आंदोलनाचे नेते बाबा रामचंद्र, जे जन्माने महाराष्ट्रीय होते, तेही पुढे तिच्या कार्यात सहभागी झाले. महासभेची एक प्रमुख मागणी नावासंबंधी होती. सरकारी दप्तरात आपली नोंद जुन्या जातिवाचक शब्दाने न होता सतनामी या नावाने व्हावी, असे तिचे म्हणणे होते, आणि १९२६ मध्ये मध्यप्रांत सरकारने ते मान्य केले. जानवे कोणी दिले होते, देवळाचे दार कोणी उघडू पाहिले होते. नाव मात्र सतनामींनी स्वतः मागून घेतले. समेटाच्या अटी प्रथमच दुसऱ्या बाजूने लिहिल्या गेल्या, आणि सुंदरलाल त्या वेळी विरोधात न जाता सोबत राहिले.

नोव्हेंबर १९३३ मध्ये महात्मा गांधी हरिजन-दौऱ्यावर रायपूर जिल्ह्यात आले. या कार्यात सुंदरलाल आपल्या आधीचे आहेत, म्हणून ते आपल्याला गुरुस्थानी आहेत, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढल्याचे छत्तीसगडात परंपरेने सांगितले जाते. महाराष्ट्राशी तुलना केली तर या चरित्राचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली ज्यांना नाकारले होते त्यांनीच केला. तेथे दार उघडले नाही, आणि १९३५ मध्ये येवल्यास धर्मांतराची घोषणा झाली. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरासाठी साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केले. ते आतल्याने आतल्यांना घातलेले साकडे होते. सुंदरलाल साने गुरुजींच्या जातीचे, परंतु त्यांच्या समोरचा समाज हा स्वतःचा गुरू, स्वतःचा ध्वज आणि स्वतःची उपासना असलेला पंथ होता. म्हणून त्यांच्या कार्याला सुधारणेइतकेच दोन श्रद्धांच्या संवादाचे स्वरूप आले.

२८ डिसेंबर १९४० रोजी सुंदरलालांचे निधन झाले. पुढे अगमदास आणि त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नी मिनीमाता लोकसभेत निवडून गेल्या. सतनामी समाजाला आपल्या वतीने बोलण्यास मध्यस्थाची गरज उरली नाही. मध्यस्थाच्या कार्याची कसोटी हीच मानली पाहिजे. छत्तीसगड राज्य झाल्यावर २००५ मध्ये बिलासपूरला सुंदरलालांच्या नावाने मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. नामकरणाने कृतज्ञता व्यक्त होते, चरित्राचा अर्थ लागत नाही. तो लावावयाचा तर ‘दानलीला’, तुरुंगातील पत्रिका, जानवे, राजीमचे देऊळ आणि कानपूरचा प्रवास ही एकाच माणसाची वाटचाल म्हणून पाहावी लागेल. आरंभी तो दुसऱ्याला आपल्या घरात बोलावतो. अखेरीस दुसऱ्याच्या बरोबर, दुसऱ्याने ठरविलेल्या कामासाठी चालू लागतो. या दोन टोकांमधील अंतर सुंदरलालांनी पायांनी तोडले, आणि त्याची किंमत स्वतःच्या पदराने भरली.