रेषेच्या अलीकडे, रेषेच्या पलीकडे

रत्नागिरीच्या कितीतरी घरांतून आज एखादा मुलगा किंवा नातू अमेरिकेत आहे. त्याच्याकडे सहा महिने राहून परतलेल्या आजी-आजोबांच्या गप्पांत तिकडची थंडी, तिकडची दुकाने आणि तिकडचा तो अंगावर चिलखत चढवून खेळायचा फुटबॉल हमखास येतो. फुटबॉल म्हणायचे आणि खेळायचे मात्र बहुतांशी हातांनी, हे कोडे एकवेळ सुटते. पण किक-ऑफच्या वेळचा एक प्रसंग भल्याभल्यांना बुचकळ्यात टाकतो. लाथाडलेला चेंडू कडेच्या रेषेपाशी येऊन मैदानातच संथपणे घरंगळत असतो. तो घ्यायला आलेला खेळाडू आधी एक पाय रेषेबाहेर टाकतो, मग वाकून चेंडूला हात लावतो. पंच शिट्टी वाजवतात आणि दंड होतो तो लाथ मारणाऱ्या संघाला! चेंडू आत, पाय बाहेर, आणि अपराधी तिसराच. २०१२ च्या डिसेंबरमध्ये ग्रीन बे संघाच्या रँडल कॉब याने मिनेसोटाविरुद्ध हीच युक्ती केली, तेव्हा अमेरिकेतलेही अनेक प्रेक्षक चकित झाले होते.

त्यामागचा तर्क असा. या खेळात कडेची रेषा मैदानाचा भाग नाही. रेषेला स्पर्श झाला की खेळाडू बाहेर गेला. बाहेर असलेल्या खेळाडूने चेंडूला स्पर्श केला की चेंडूही बाहेर गेला. आणि समोरच्या संघाच्या आत असलेल्या कोणत्याही खेळाडूचा हात लागण्यापूर्वी किक-ऑफचा चेंडू बाहेर गेला, तर तो मारणाऱ्याचा दोष. व्यावसायिक सामन्यात मग प्रतिपक्षाला चेंडू त्यांच्या ४० यार्डांच्या रेषेवर मिळतो, महाविद्यालयीन सामन्यात ३५ यार्डांच्या. याउलट, आत उभ्या असलेल्या खेळाडूचा हात चेंडूला लागला आणि नंतर तो बाहेर गेला, तर दंड नाही. एका पावलाच्या अंतराने निकाल उलटा होतो.

आपल्याकडे हुतूतू-कबड्डी पाहत वाढलेल्या माणसाला हे अधिकच विचित्र वाटते, कारण आपल्या रेषेचा न्याय निराळा आहे. कबड्डीत सीमारेषा मैदानातच धरली जाते. झटापट सुरू झाली की दोन्ही बाजूंची राखीव क्षेत्रे मैदानात सामील होतात. आणि झटापटीत खेळाडूचे अर्धे अंग बाहेर गेले, तरी शरीराचा एखादा भाग आतल्या जमिनीला टेकलेला असेल तर तो बाद होत नाही. कोकणातल्या सामन्यांत फक्कीच्या रेषेवर जे वाद रंगतात, ते बहुधा याच एका टेकलेल्या पंजावरून! आपला नियम आत राहिलेल्या पंजाकडे पाहतो, त्यांचा नियम बाहेर गेलेल्या टाचेकडे.

तिकडच्या या काटेकोर रेषांचा इतिहास शोधू लागले की वाट एका माणसापाशी जाऊन थांबते. त्याचे नाव वॉल्टर चॉन्सी कॅम्प. अमेरिकन फुटबॉलचा जनक म्हणून तिकडे त्याची ओळख शाळकरी मुलांनाही असते.

कॅम्प यांचा जन्म ७ एप्रिल १८५९ रोजी कनेक्टिकट राज्यातील न्यू ब्रिटन येथे झाला. म्हणजे रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्यांहून ते पावणेतीन वर्षांनी लहान. वडील शिक्षक. बालपण न्यू हेवनमध्ये गेले आणि १८७६ मध्ये ते तेथील येल विद्यापीठात दाखल झाले. त्याच वर्षी स्प्रिंगफील्ड येथील मॅसॅसॉइट हाउस या हॉटेलात काही महाविद्यालयांचे प्रतिनिधी जमले व इंग्लंडचा रग्बी खेळ थोड्या फेरफारांसह स्वीकारायचा असे ठरले. त्या शरद ऋतूत हार्वर्डविरुद्धच्या सामन्यात सतरा वर्षांचे कॅम्प येलकडून मैदानात उतरले. पुढे नियमांच्या या वार्षिक सभांना ते विद्यार्थी म्हणून जाऊ लागले, आणि ते जाणे आयुष्याच्या अखेरपर्यंत थांबले नाही.

रग्बीतली झुंड त्यांना खटकत असे. तेथे चेंडू कोणाच्या ताब्यात जाईल हे निम्मे-अधिक दैवावर. १८८० मध्ये त्यांनी खेळाडूंची संख्या पंधरावरून अकरावर आणवली आणि झुंडीच्या जागी समोरासमोरची रांग आणली. चेंडू एका संघाकडे राहील व त्याने तो ठरवून मागे द्यायचा. एका फटक्यात खेळात योजना आली. पण माणूस नियम करतो तसा त्यातून पळवाटही काढतो. १८८१ च्या येल-प्रिन्स्टन सामन्यात एका संघाने पूर्वार्धभर आणि दुसऱ्याने उत्तरार्धभर चेंडू नुसता धरून ठेवला. गोल कोणाचाच नाही, प्रेक्षक संतापले. पुढच्याच वर्षी कॅम्प यांनी उपाय आणला : तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरका, नाहीतर चेंडू सोडा. पाच यार्ड मोजायचे म्हणून मैदानभर चुन्याच्या आडव्या रेषा आल्या आणि मैदान मांस भाजण्याच्या लोखंडी जाळीसारखे दिसू लागले. त्या जाळीचेच नाव, ग्रिडआयर्न, पुढे मैदानाला आणि खेळाला चिकटले.

कडेच्या रेषेचे प्रकरण मात्र बराच काळ रग्बीच्या वळणावर राहिले. चेंडू बाहेर गेला की जो आधी त्याच्यावर झेप घेईल त्याचा. म्हणजे खरी धुमश्चक्री रेषेच्या पलीकडेच व्हायची. प्रेक्षक उभे असत तेथे, कुंपणापाशी. ज्याला चेंडू मिळाला त्याने तो जेथून बाहेर गेला तेथे आणावा, आणि मग आत आपटून पळावे, काटकोनात आत फेकावा, किंवा पाच ते पंधरा पावले आत चालत येऊन तेथून खेळ सुरू करावा, असे पर्याय होते. कॅम्प यांनी १८९१ च्या आपल्या पुस्तकात हे सारे सविस्तर समजावून दिले आहे. वाचताना आजही डोके गरगरते.

किक-ऑफची गोष्ट त्याहून गमतीची. लाथ किती लांब जावी याला बंधन नव्हते. त्यामुळे खेळाडू चेंडूला पायाच्या बोटाने नुसता स्पर्श करी, उचलून मागच्याकडे देई आणि सारा संघ त्याच्याभोवती पाचर करून प्रतिपक्षावर धावून जाई. १८९२ मध्ये हार्वर्डने या कल्पनेला टोक आणले. बुद्धिबळाचा शौकीन असलेल्या लॉरिन डीलँड यांनी दोन बाजूंनी धावत येऊन एकत्र मिळणारी ‘उडती पाचर’ येलविरुद्ध वापरली. पाहणाऱ्यांचे डोळे दिपले, आणि भिडणाऱ्यांची हाडे मोडू लागली. १८९४ मध्ये नियम झाला, की किक-ऑफचा चेंडू निदान दहा यार्ड गेलाच पाहिजे. लाथ खरीखुरी मारायची, असे नियमाने सांगावे लागले!

कॅम्प यांनी वैद्यकीचे शिक्षण अर्ध्यावर सोडले होते. रक्त पाहवत नसे, असे कारण सांगितले जाते. न्यू हेवनच्या घड्याळाच्या कारखान्यात ते नोकरीस लागले आणि १९०३ मध्ये कंपनीचे अध्यक्ष झाले. १८८८ मध्ये त्यांचा विवाह ॲलिस समनर यांच्याशी झाला आणि त्याच वर्षी ते येलचे प्रशिक्षक बनले. दुपारी कारखाना सोडता येत नसे, म्हणून सराव पाहायला ॲलिसबाई जात. कोण कोठे चुकला याच्या नोंदी ठेवत आणि रात्री पतीला सांगत. त्या मोसमात येलने तेरा सामने जिंकले व ६९८ गुण मिळवले. प्रतिपक्षांना मिळून एकही गुण करता आला नाही. त्या यशात ॲलिसबाईंचा वाटा किती, याची मोजदाद मात्र कोणी केली नाही.

याच माणसाच्या चरित्राला एक काळी बाजू आहे आणि ती झाकून चालणार नाही. कंबरेखाली पकड करण्यास १८८८ मध्ये मुभा देणाऱ्या नियमामागे कॅम्प होते. त्याने खेळ आखडला, खेळाडू एकमेकांना चिकटून घोळक्याने आदळू लागले. मृत्यू होऊ लागले. १८९४ मध्ये कॅम्प यांनी माजी खेळाडूंची मते गोळा करून खेळाच्या बाजूने पुस्तक काढले; प्रतिकूल उत्तरे त्यांनी वगळली, असा ठपका पुढच्या अभ्यासकांनी ठेवला आहे. १९०५ च्या मोसमात तर वृत्तपत्रांच्या मोजणीप्रमाणे अठरा जण दगावले, बहुतेक शाळकरी पोरे. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ९ ऑक्टोबर १९०५ रोजी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. त्यांत कॅम्प होतेच. वर्षअखेरीस नियमांसाठी दुसरी समिती उभी राहिली आणि कॅम्प यांची जवळपास एकछत्री सत्ता संपली.

घोळका फोडायचा कसा, हा प्रश्न होता. मैदान रुंद करावे ही एक सूचना होती. म्हणजे कडेच्या रेषाच बाहेर सरकवायच्या. परंतु हार्वर्डने १९०३ मध्ये काँक्रीटचे भलेथोरले प्रेक्षागार बांधले होते, तेथे रुंदी वाढवायला जागाच उरली नव्हती. अखेर १९०६ मध्ये चेंडू हाताने पुढे फेकण्यास परवानगी मिळाली. कॅम्प यांना ही कल्पना मनापासून रुचली नव्हती. पाचाऐवजी दहा यार्डांची अट घालावी, म्हणजे खेळ आपोआप मोकळा होईल, असे त्यांचे म्हणणे होते. समितीने दहा यार्डही घेतले आणि फेकही. आज तो खेळ जगभर पाहिला जातो तो मुख्यतः त्या नावडत्या फेकीमुळे.

कॅम्प समितीत राहिले. आपले न पटलेले नियमही ते दरवर्षीच्या नियमपुस्तिकेत तितक्याच नीटसपणे छापत गेले; किक-ऑफ बाहेर गेली तर पुन्हा मारायची, दुसऱ्यांदाही गेली तर प्रतिपक्षाने किक-ऑफ करायची, यासारखी बारीक कलमेसुद्धा. पहिल्या महायुद्धात नौदलाच्या प्रशिक्षणार्थींसाठी त्यांनी बारा व्यायामप्रकारांचा एक क्रम बसवला. युद्धानंतर तो ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून अमेरिकेच्या घराघरांत पोहोचला आणि फुटबॉलचे नावही न काढणारी माणसे कॅम्पना ओळखू लागली.

मार्च १९२५ मध्ये नियम समितीची बैठक न्यूयॉर्कमध्ये भरली होती. कॅम्प तिला हजर होते. १४ मार्चच्या सकाळी ते बैठकीला आले नाहीत, तेव्हा सहकारी हॉटेलातल्या त्यांच्या खोलीवर गेले. झोपेतच त्यांचे प्राण गेले होते, वय पासष्ट. तीन वर्षांनी, १९२८ मध्ये, येलच्या मैदानापाशी त्यांच्या नावाने एक भव्य प्रवेशद्वार उभारले गेले. सामन्याला येणारी माणसे आजही त्यातून आत जातात.