जोतीरावांचे अखेरचे पर्व

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, अशी आज्ञा मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस केली, तेव्हा कोणाचे चरित्र लिहावे हा प्रश्न फार काळ पडला नाही. त्यास कारण घडले ते असे. एडवण येथे मंडळाच्या स्नेहसंमेलनाच्या रात्री आचार्य अत्रे यांनी १९५४ साली काढलेला ‘महात्मा फुले’ हा बोलपट दाखविण्यात आला. समुद्रावरून वारा सुटला होता, पडदा मधूनमधून हलत होता, तरी चटयांवर बसलेली मंडळी शेवटपर्यंत उठली नाहीत. बाबूराव पेंढारकरांचे जोतीराव आणि सुलोचनाबाईंच्या सावित्रीबाई पाहून कित्येक वडीलधाऱ्यांचे डोळे पाणावले. खेळ संपल्यावर मात्र एका वृद्ध ज्ञातिबांधवांनी आम्हांस बाजूस घेऊन विचारले की, हा पुरुष थोर खरा. पण तो आपल्या ज्ञातीचा नव्हे, मग ज्ञातीच्या संमेलनात त्याचा खेळ कशासाठी? प्रश्न रागाने विचारलेला नव्हता. त्याचे नीटसे उत्तर त्या रात्री आम्हांस देता आले नाही. ते येथे देण्याचा यत्न करीत आहोत.

हा बोलपट साधासुधा नव्हे. त्याचा मुहूर्त डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या हस्ते झाला, संत गाडगेबाबांचे दर्शन त्यात घडते, आणि मराठीतील उत्कृष्ट बोलपट म्हणून त्यास राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. पुढे सत्तर वर्षांनी, २०२४ साली, ‘सत्यशोधक’ हा मराठी चित्रपट आला, आणि २०२५ साली ‘फुले’ हा हिंदी चित्रपट आला. या हिंदी चित्रपटाचे प्रदर्शन जोतीरावांच्या जयंतीस, म्हणजे ११ एप्रिलला, व्हावयाचे होते. परंतु त्यातील जातींच्या उल्लेखांवरून वाद उठला, काही शब्द गाळावे लागले, आणि तो २५ एप्रिलला लोकांपुढे आला. जो पुरुष १८९० साली निवर्तला, त्याच्या आयुष्यावरील खेळातील जातींची नावे आजही आपणांस बोचतात, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

बोलपटास दोन-तीन तासांत त्रेसष्ट वर्षांचे आयुष्य बसवावयाचे असते. पहिली शाळा, अंगावर पडलेले शेण, पाण्याचा हौद असे प्रसंग पडद्यावर ठसठशीत दिसतात. पक्षाघाताने अंथरुणास खिळलेला एक मनुष्य डाव्या हाताने कागदावर अक्षरे ओढीत आहे, हे दृश्य पडद्यास फार वेळ परवडत नाही. आम्हांस मात्र जोतीरावांच्या चरित्रातील सर्वांत मोलाचा भाग तोच वाटतो. म्हणून पूर्वायुष्य थोडक्यात सांगून आम्ही त्या भागाकडे वळतो.

जोतीरावांचा जन्म १८२७ साली झाला. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पेशवाईत फुले पुरविण्याच्या व्यवसायावरून फुले हे नाव पडले. वर्षाच्या आतबाहेर असतानाच मातृवियोग झाला, आणि सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांस आईच्या मायेने वाढविले. मध्यंतरी सुटलेली शाळा गफार बेग मुनशी आणि लिजिट साहेब या दोघा शेजाऱ्यांच्या आग्रहामुळे पुन्हा सुरू झाली. आपल्या वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. या मुलाच्या शिक्षणासाठी ज्यांनी वडिलांचे मन वळविले, त्यांपैकी एक मुसलमान होता आणि दुसरा ख्रिस्ती. स्वजातीतला कोणी नव्हता.

१८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली आणि पत्नी सावित्रीबाईंस शिकवून शिक्षिका केले. त्यापायी दोघांस वडिलांचे घर सोडावे लागले. पुढे अस्पृश्यांसाठी शाळा, १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा, १८६३ साली फसलेल्या विधवांसाठी बालहत्याप्रतिबंधक गृह, १८६८ साली स्वतःच्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला, १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ आणि त्याच वर्षीच्या २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाजाची स्थापना, असा हा क्रम आहे. पुढे हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले आणि सरकारी तिजोरीत शेतकऱ्याच्या घामाचा पैसा जात असता शिक्षण मात्र वरच्या थरापुरते राहते, हे दाखवून दिले. १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ सिद्ध झाला आणि त्यातील भाग त्यांनी बडोद्यास सयाजीराव महाराजांस वाचून दाखविला.

हे सर्व करणारा मनुष्य दरिद्री नव्हता, हे पुष्कळांस ठाऊक नसते. जोतीराव कंत्राटदार होते. खडकवासल्याचे धरण, येरवड्याचा पूल अशा मोठ्या कामांशी त्यांचा संबंध आला. मांजरीस त्यांची बागायत होती. आपल्याकडे पानवेल आणि केळी यांच्या वाडीत राबणाऱ्यांस पाणी, खत आणि बाजार यांचा हिशेब जसा तोंडपाठ असतो, तसा तो त्यांस होता. ‘असूड’ लिहिणाऱ्या हातांनी मांजरीची माती उपसलेली होती. कमाई चांगली होती. ती शाळांत, अनाथांच्या जेवणात, पुस्तकांच्या छपाईत आणि आल्यागेल्याच्या पानावर संपत गेली.

आता अखेरचे पर्व. १८८७ सालच्या जुलैत जोतीरावांनी आपले मृत्युपत्र नोंदविले. त्यांस अपत्य नव्हते. काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेला यशवंत यास त्यांनी पूर्वीच दत्तक घेतले होते, आणि मृत्युपत्रात त्यासच वारस केले. इतकेच नव्हे, तर हा मुलगा नालायक निघाल्यास माळी, कुणबी, धनगर आदी समाजांतील एखादा लायक मुलगा पाहून त्यास वारसा द्यावा, अशी तजवीज केली. वारसा रक्तावर वा कुळावर न ठरविता गुणांवर ठरविणारा असा कागद त्या काळी दुसरा कोणी लिहिला असेल, तर तो आमच्या वाचनात नाही. आपला अंत्यविधी पुरोहितांवाचून व्हावा आणि देह जाळू नये, तर मिठात घालून पुरावा, अशीही त्यांची इच्छा होती.

१८८८ साल उजाडले. मार्च महिन्यात पुण्यास ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यासाठी झालेल्या मेजवानीस जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि या देशाची खरी रयत कशी दिसते, हे राजपुत्रास त्यांनी दाखविले. ११ मे रोजी मुंबईस मांडवी कोळीवाड्यातील सभेत त्यांस महात्मा ही पदवी अर्पण करण्यात आली. आपल्या किनाऱ्यावरील वाचकांनी हे स्थान ध्यानात घ्यावे. हा सत्कार दरबारात किंवा विद्यापीठात झाला नाही. तो कोळीवाड्यात, श्रमणाऱ्या माणसांच्या वस्तीत झाला.

या सत्कारास दोन महिनेही झाले असतील-नसतील, तोच जुलैत पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू निकामी झाली. स्नेही डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचारांची शिकस्त केली. जीव वाचला, परंतु लिहिता हात गेला. पैसा संपला होताच. आता मिळवण्याचे साधनही उरले नाही. ज्या घरातून शेकडो मुलांची पुस्तके गेली, त्या घरात औषधाचा खर्च कसा भागवावा ही विवंचना आली. मुंबईचे मामा परमानंद यांनी या हलाखीकडे बडोदे दरबाराचे लक्ष वेधले आणि मदतीसाठी शब्द टाकला. स्वतः जोतीरावांनी हात पसरल्याचे दिसत नाही.

अशा स्थितीत मनुष्य काय करील? बहुतेक जण दैवास बोल लावतील. जोतीरावांनी डाव्या हाताने लिहावयास आरंभ केला. ज्यांनी हात मोडल्यावर चार दिवस तरी डाव्या हाताने सही करून पाहिली असेल, त्यांस या कामाचे कष्ट कळतील. एकसष्टी उलटलेल्या, आजाराने खचलेल्या माणसाने अक्षरामागून अक्षर ओढीत ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ हा ग्रंथ १८८९ सालच्या एप्रिलपर्यंत पुरा केला. त्याच आजारपणात, फेब्रुवारीत, यशवंताचा विवाह हडपसरच्या ग्यानोबा ससाणे यांच्या कन्येशी सत्यशोधक पद्धतीने लावून दिला. खर्चाचा डामडौल नाही, पुरोहित नाही. लग्नकार्यापायी जमिनी गहाण पडलेली घरे आपल्याही गावांत आहेत. म्हणून हा तपशील मुद्दाम दिला.

या ग्रंथात काय आहे? लेखकाची सारी हयात भांडणात गेली होती, त्याच्यावर शिव्यांचा वर्षाव झाला होता. तेव्हा शेवटच्या पुस्तकात कडवट हिशेब चुकते केलेले असतील, असे वाटावे. टीका आहे आणि ती जळजळीत आहे. परंतु ग्रंथाचा गाभा निराळा आहे. या विश्वाच्या कर्त्यास जोतीराव निर्मिक म्हणतात, आणि त्याने निर्माण केलेले स्त्री-पुरुष जन्मतः स्वतंत्र व समान आहेत, असे प्रश्नोत्तरांच्या रूपाने समजावितात. सत्याने वागणाऱ्यांसाठी त्यांनी तेहतीस नियम घातले. त्यात एक कुटुंब कल्पिले आहे. आईने बौद्ध, बापाने ख्रिस्ती, मुलीने मुसलमान आणि मुलाने सत्यधर्मी व्हावे, आणि तरी सर्वांनी एका घरात प्रेमाने राहावे, एकमेकांचा द्वेष करू नये, असा त्याचा आशय आहे. घरात औषधाची भ्रांत असलेल्या माणसाने मरणाच्या उंबरठ्यावर हे घर उभे केले.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी, उत्तररात्री, जोतीरावांचे देहावसान झाले. पुरण्यासाठी घरामागे खड्डा तयार होता. परंतु वस्तीत तशी परवानगी नगरपालिकेने दिली नाही. ज्या नगरपालिकेचे ते काही वर्षे सभासद होते, तिनेच अखेरची इच्छा नाकारली, आणि दहन करावे लागले. दत्तकपुत्राच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि स्वतः टिटवे हाती धरून अंत्ययात्रेच्या अग्रभागी चालल्या. १८९१ साली यशवंताने तो ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करता करता, १० मार्च रोजी, सावित्रीबाईंनी देह ठेवला. ज्या मुलाच्या कुळाविषयी लोक बोटे दाखवीत होते, त्याने वारसा कसा चालविला हे यावरून दिसून येते.

आता त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळू. जोतीराव आपल्या ज्ञातीचे नव्हते, हे खरे. अधिक खरे असे की, ज्ञातीच्या भिंतीच त्यांस मान्य नव्हत्या. तेव्हा ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र छापणे ही विसंगती आहे, हे आम्ही नाकारीत नाही. आपल्या संस्थेने वसतिगृहासाठी, विद्यार्थ्यांच्या फीसाठी, अडल्या कुटुंबासाठी जे केले आहे, त्याचा आम्हांस अभिमान आहे. पहिल्या पिढीस सफाळ्याहून गाडी धरून मुंबईस शिकावयास जाता आले ते अशाच आधारावर. परंतु गफार बेग मुनशींनी शेजारच्या माळ्याचा मुलगा म्हणून जोतीबाकडे पाठ फिरविली असती, तर काय झाले असते, हेही प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे.

म्हणून मंडळाच्या सर्वसाधारण सभेपुढे आम्ही दोन नम्र सूचना ठेवीत आहोत. दरवर्षी दिल्या जाणाऱ्या शिष्यवृत्त्यांपैकी निदान एक, एडवण व आसपासच्या गावांतील कोणत्याही समाजाच्या मुलास किंवा मुलीस, मग ते मूल वारल्याचे असो की मल्हार कोळ्याचे, केवळ गुण आणि गरज पाहून द्यावी. आणि ज्या कार्यकर्त्यांनी उमेदीची वर्षे समाजकार्यात घालविली, त्यांच्या आजारपणासाठी एक लहानसा निधी आताच उभारावा. सत्काराची शाल मिळाल्यानंतर दोन महिन्यांनी औषधाची विवंचना कोणावर येऊ नये. पुढील वर्षी स्नेहसंमेलनात पुन्हा चटया अंथरल्या जातील, पुन्हा एखादा खेळ लागेल. त्या वेळी या दोन गोष्टी मार्गी लागलेल्या असतील, तर त्या वृद्ध गृहस्थांस आम्ही वेगळे उत्तर देण्याची गरज उरणार नाही.