विश्लेषण : कंबरदुखीच्या सुईमागचा पैलवान… ‘पेन क्लिनिक’ रुजवणारे डॉ. जॉन बोनिका कोण होते?

कंबरेतून पायात उतरणारी कळ महिनोन्महिने थांबत नाही, गोळ्यांचा उपयोग होत नाही आणि शस्त्रक्रियेची भीती वाटते. अशा रुग्णाला आता मोठ्या शहरांतल्या ‘पेन क्लिनिक’मध्ये आणखी एक मार्ग सुचवला जातो. त्याला पालथे झोपवतात आणि सी-आर्म या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर पाहत मणक्याशेजारच्या नेमक्या नसेपर्यंत सुई नेतात. दुखण्यासाठी वेगळा दवाखाना असावा, ही कल्पना जगभर रुजवण्यात सर्वांत मोठा वाटा एका व्यावसायिक पैलवानाचा आहे. त्यांचे नाव डॉ. जॉन बोनिका.

आखाड्यातून रुग्णालयात कसे?

बोनिका यांचा जन्म १६ फेब्रुवारी १९१७ रोजी इटलीतील सिसिलीजवळच्या फिलिकुडी या चिमुकल्या बेटावर झाला. १९२७ मध्ये कुटुंब अमेरिकेत आले. काही वर्षांतच वडील वारले आणि घराचा भार या पोरावर पडला. बूटपॉलिश, वृत्तपत्र विक्री, भाजी-फळे विकणे असे मिळेल ते काम त्यांनी केले. शाळेत कुस्तीची गोडी लागली होती, पुढे तीच पोटापाण्याला आली. महाविद्यालयाचा आणि नंतर मार्केट विद्यापीठातील वैद्यकीय शिक्षणाचा खर्च त्यांनी कुस्त्या मारून उचलला. दिवसा डॉक्टरकी शिकायची आणि रात्री मुखवटा चढवून ‘मास्क्ड मार्व्हल’ व्हायचे, असे ते दुहेरी आयुष्य होते. लाइट हेवीवेट गटात कॅनडाचे आणि पुढे जगज्जेतेपदही त्यांनी मिळवले.

पत्नीच्या बाळंतपणात काय घडले?

१९४२ मध्ये ते डॉक्टर झाले आणि एमा यांच्याशी त्यांचे लग्न झाले. पुढच्याच वर्षी पहिल्या बाळंतपणात एमा यांना एका शिकाऊ डॉक्टरने इथरची भूल दिली. बेशुद्धीत त्यांना उलटी झाली, ती श्वासनलिकेत गेली आणि श्वास अडकला. बोनिका यांनी धावत जाऊन श्वासमार्ग मोकळा केला. आई आणि मुलगी दोघीही वाचल्या. बोनिका यांनी भूलशास्त्र हेच आपले काम मानले. प्रसूतीच्या कळा कमी करताना आई शुद्धीवर राहील, यासाठी पाठीत सुईने औषध देण्याच्या पद्धतीचा ते पुढे आयुष्यभर पाठपुरावा करत राहिले.

वेदनेकडे ते कसे वळले?

दुसऱ्या महायुद्धात, वयाच्या अवघ्या २७व्या वर्षी, वॉशिंग्टन राज्यातील मॅडिगन लष्करी रुग्णालयात भूल विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. जखम भरली तरी सैनिकांचे दुखणे जात नव्हते. कापलेला पायही दुखत होता! बोनिका यांनी एकेका तज्ज्ञाला गाठले, पण पूर्ण उत्तर कुणाकडेच नव्हते. मग मेंदूचे, हाडांचे, मनाचे डॉक्टर दुपारच्या जेवणाला एकत्र बसू लागले. एकच रुग्ण सगळ्यांनी मिळून पाहायचा, ही रीत तिथे सुरू झाली.

युद्धानंतर टॅकोमा शहरात त्यांनी ती चालू ठेवली. १९५३ मध्ये त्यांचा ‘द मॅनेजमेंट ऑफ पेन’ हा सुमारे दीड हजार पानांचा ग्रंथ आला. १९६० मध्ये ते वॉशिंग्टन विद्यापीठात भूलशास्त्राचे पहिले विभागप्रमुख झाले. तिथल्या पेन क्लिनिकमध्ये त्यांच्यासोबत न्यूरोसर्जन लोवेल व्हाइट आणि परिचारिका डोरोथी क्राउली होते. १९७३ मध्ये इसाक्वा येथे त्यांनी जगभरातील तीनशेहून अधिक संशोधक-डॉक्टर जमवले आणि त्यातून वेदना अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली.

सुई नेमके काय करते?

बोनिका यांचा हात नर्व्ह ब्लॉकमध्ये, म्हणजे नस बधिर करण्यात, वाकबगार होता. त्या काळी सुई मुख्यतः हाडांच्या खुणा चाचपून नेली जाई. ब्लॉकचा त्यांनी मांडलेला एक उपयोग मात्र आजही तितकाच कामाचा आहे. तो म्हणजे निदान. संशयित नस थोडा वेळ बधिर करायची. दुखणे थांबले तर चोर सापडण्याची शक्यता मोठी.

पडद्यावर पाहून सुई नेण्याने यात अचूकता आली. सुईचे टोक योग्य जागी आहे, रक्तवाहिनीत नाही, हे क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य सोडून तपासता येते. पायात कळ जात असेल तर दबलेल्या नसेच्या मुळाशी भुलीचे औषध आणि स्टेरॉइड देतात. मणक्यांमधले छोटे सांधे दुखत असतील तर त्यांच्या बारीक नसा साधारण ८० अंश सेल्सिअसला तापवून निकामी करतात. १९७०च्या दशकात अमेरिकी न्यूरोसर्जन नॉर्मन शीली यांनी ही पद्धत पुढे आणली. नस पुन्हा वाढते, म्हणून आराम कायमचा नसतो. जाहिरातींत हे वाक्य सहसा बारीक अक्षरांत असते.

त्यांचे स्वतःचे दुखणे

कुस्तीने बोनिका यांचे कान मोडले होते. कोल्हापूरच्या तालमीत असे कान पाहताच पैलवान ओळखतात. पण खरी किंमत सांध्यांनी मोजली. खुबे, खांदे दुखत, अनेक शस्त्रक्रिया झाल्या, दुखणे गेले नाही. तशातच १९९० मध्ये त्यांनी ग्रंथाची दुसरी, दोन खंडांची आवृत्ती पूर्ण केली. १५ ऑगस्ट १९९४ रोजी त्यांचे निधन झाले.

आजचा वाद काय?

फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉक्टर आणि रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय गटाने शिफारस केली, की तीन महिन्यांहून जुन्या पाठ-मानेच्या दुखण्यावर अशा सुया आणि नसा तापवण्याचे उपचार करू नयेत. कर्करोगाचे दुखणे त्यातून वगळले होते. वेदनातज्ज्ञांच्या अनेक संघटनांनी हा निष्कर्ष अमान्य केला. वेगवेगळ्या प्रकारच्या रुग्णांना एकाच मापाने मोजल्याचा त्यांचा आक्षेप आहे.

ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची २०१६ची मार्गदर्शक तत्त्वे मधली वाट धरतात. नुकत्या सुरू झालेल्या तीव्र सायटिकामध्ये पाठीतील इंजेक्शनचा विचार करता येतो. नस तापवण्याचा पर्याय मात्र इतर उपचार करूनही कंबर दुखतच राहिली असेल, तरच. त्यातही आधी ती नस बधिर करून पाहायची आणि आराम पडला तरच पुढे जायचे.