इंद्रायणीकाठचा सृष्टीचा सोयरा : संत तुकाराम महाराज

पर्यावरणाचे रक्षण हा आज जगापुढील कळीचा प्रश्न झाला आहे. परिषदा भरतात, करार होतात, शाळांतून निबंध लिहिले जातात. हा विषय परदेशातून आपल्याकडे आला, असेही पुष्कळांना वाटते. परंतु पिंपरी-चिंचवडच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या इंद्रायणीच्या तीरावर चारशे वर्षांपूर्वी एक गृहस्थ होऊन गेले. पाऊस रुसला म्हणजे माणसाचे काय होते, हे त्यांनी स्वतःच्या घरात पाहिले आणि त्यानंतर सृष्टीशी सोयरिकीचे नाते जोडले. ते गृहस्थ म्हणजे देहूचे संत तुकाराम महाराज. त्यांच्या चरित्राकडे या दृष्टीने पाहण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

सुखवस्तू घरातील बालपण

तुकाराम महाराजांचा जन्म सर्वसाधारणपणे १६०८ साली झाला असे मानले जाते. कुळ मोरे, आडनाव आंबिले आणि घराणे कुणबी. वडील बोल्होबा व आई कनकाई. घरी शेती होती, सावकारी होती आणि बाजारपेठेची महाजनकीही होती. पूर्वज विश्वंभरबाबांपासून घरात विठ्ठलभक्ती आणि पंढरीची वारी चालत आलेली. थोरले बंधू सावजी यांचा ओढा विरक्तीकडे असल्यामुळे प्रपंचाचा भार मधल्या तुकारामांवर लहान वयातच पडला. धाकटे बंधू कान्होबा. पहिली पत्नी रखमाबाई दम्याने आजारी असत, म्हणून पुण्याच्या गुळवे घराण्यातील जिजाबाईंशी त्यांचा दुसरा विवाह झाला. या जिजाबाई लोकांत आवली या नावाने ओळखल्या जातात.

महाराजांनी व्यापार चोख सांभाळला. परंतु सतरा-अठरा वर्षांचे होईतो आईवडिलांचे छत्र हरपले. भावजय वारली आणि सावजी तीर्थयात्रेला निघून गेले. या आघातांतून घर सावरते न सावरते तोच त्याहून मोठे संकट दाराशी आले.

दुष्काळाचा घाला

१६३० साली दख्खन आणि गुजरातेत पावसाने पाठ फिरवली. पुढच्या वर्षी काही भागांत अतिवृष्टीने उरलेसुरले पीक नेले. त्यात मोगल, निजामशाही आणि आदिलशाही यांच्या फौजा मुलूख तुडवीत होत्या. अन्नावाचून गावेच्या गावे ओस पडली. त्या काळी भारतात आलेल्या परदेशी प्रवाशांनी आणि मोगल दरबारी इतिहासकारांनीही या दुष्काळाच्या भीषण नोंदी करून ठेवल्या आहेत.

बाविशीच्या सुमारास असलेल्या तुकारामांचे या दुष्काळात दिवाळे निघाले. गुरेढोरे दगावली, उधारी बुडाली, बाजारातली पत गेली. रखमाबाई अन्न अन्न करीत गेल्या, आणि त्यांचा लहानगा मुलगा संतोबाही वाचला नाही. जो माणूस काल गावाला धान्य आणि पैसा उसना देत होता, त्याला स्वतःच्या पत्नीच्या मुखात घास घालता आला नाही. हे दुःख आणि त्याबरोबर आलेली लाज महाराजांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगात काहीही न लपवता सांगितली आहे.

महाराजांचे निसर्गप्रेम समजून घेताना ही घटना विसरता येत नाही. पोट भरलेल्या माणसाला सुंदर देखाव्याची वाटणारी आवड आणि भुकेने घर उद्ध्वस्त झालेल्या माणसाने मातीशी, पाण्याशी जोडलेले नाते या दोन निराळ्या गोष्टी आहेत. निसर्ग कोपला की काय होते हे महाराजांना ठाऊक होते, आणि तरीही त्यांनी त्याला शत्रू मानले नाही.

इंद्रायणीत सोडलेली कर्जखते

दुष्काळानंतर महाराज एकांताच्या शोधात भामचंद्र डोंगरावर गेले. हा डोंगर आजच्या चाकण औद्योगिक पट्ट्याला लागूनच आहे. तेथे त्यांनी पंधरा दिवस चिंतनात घालवले, अशी परंपरा आहे. शोध घेत कान्होबा तेथे पोहोचले आणि दोघे भाऊ इंद्रायणीच्या काठी आले. लोकांकडून येणे असलेल्या पैशांची खते त्यांनी तेथे मागवून घेतली. ती निम्मी कान्होबांच्या वाट्याला दिली, कारण त्यांच्या मुलाबाळांचा प्रश्न होता. आपल्या वाट्याची निम्मी खते महाराजांनी नदीत सोडून दिली.

या कृतीचा अर्थ खोल आहे. दुष्काळाने नागवलेल्या कुणब्याकडून वसुली करायची म्हणजे त्याचे बैल, त्याचे बियाणे आणि शेवटी त्याची जमीन काढून घ्यायची. कायद्याने तो हक्क महाराजांचा होता, पण तो त्यांनी सोडला. आपली गरज किती आणि आपली हाव किती, याची सीमा त्यांनी स्वतःपुरती त्या दिवशी आखली. त्यानंतरच्या आयुष्यात त्यांनी सावकारी केली नाही. गावातील मोडकळीस आलेले विठ्ठलमंदिर त्यांनी स्वतः राबून उभे केले, आणि छत्रपती शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणाही परत केला, असे परंपरा सांगते.

डोंगर आणि सोयरे

देहूच्या परिसरातील तीन डोंगर महाराजांच्या जीवनाशी निगडित आहेत : भामचंद्र, भंडारा आणि घोरावडेश्वर. पहाटे उठावे, इंद्रायणीत स्नान करावे, डोंगर गाठावा आणि दिवसभर ग्रंथांचे वाचन, नामस्मरण व चिंतन करावे, असा त्यांचा क्रम होता. जिजाबाई उन्हातान्हात भाकरी घेऊन भंडारा चढत. प्रपंचाचे खरे ओझे त्यांनीच वाहिले आणि त्याबद्दल पतीला स्पष्ट शब्दांत सुनावलेही. महाराजांच्या चरित्रात या माउलीचे स्थान उपेक्षिण्याजोगे नाही.

रानातील झाडे, वेली आणि पशू हे आपले सोयरे आहेत, असे सांगणारा महाराजांचा अभंग मराठी मुलांना शाळेपासून परिचयाचा असतो. त्यातील सोयरा हा शब्द आपण सहज उच्चारतो, परंतु आपल्या समाजात सोयरिकीला मोठा अर्थ आहे. सोयऱ्याच्या घरी लग्न असो वा मयत, जावेच लागते. त्याच्याशी रुसता येते, पण त्याला फसवता येत नाही. त्याची मुलेबाळे ती आपली मुलेबाळे. झाडाला सोयरा म्हणणारा माणूस झाडाकडे केवळ लाकूड म्हणून पाहू शकत नाही, आणि नदीला सोयरी म्हणणारा तिच्यात घाण सोडू शकत नाही.

महाराजांच्या जीवनातील एक कथा अठराव्या शतकातील चरित्रकार महिपती यांच्यामुळे घरोघरी पोहोचली. एका शेतकऱ्याने महाराजांना शेताच्या राखणीला ठेवले. पाखरे कणसांवर उतरली, पण महाराजांनी त्यांना हाकलले नाही. भुकेल्या जिवाला दाण्यावरून उठवणे त्यांच्या मनाला मानवेना. शेतकऱ्याने गावापुढे तक्रार केली. मळणी झाली तेव्हा रास मात्र अपेक्षेपेक्षा अधिक भरली. कथेतील चमत्कार बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. ज्याची पत्नी भुकेने गेली, त्याला पाखराची भूक परकी वाटली नाही.

चाकणचे लेखनिक आणि नदीची साक्ष

महाराजांच्या कीर्तनाला पंचक्रोशीतून माणसे येऊ लागली. त्यांत चाकणचे संताजी जगनाडे होते. तेलाचा घाणा चालवणारे हे गृहस्थ महाराजांचे अभंग लिहून घेऊ लागले. आज मोटारींच्या कारखान्यांसाठी ओळखले जाणारे चाकण मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या तेलीबुवांमुळे अगोदरच नोंदले गेले आहे. त्यांची समाधी देहू आणि चाकण यांच्या दरम्यान सुदुंबरे येथे आहे.

कुणब्याने धर्माची उकल करावी, हे काहींना रुचले नाही. वाघोलीच्या रामेश्वर भट्टांनी आक्षेप घेतला आणि महाराजांना आपल्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. महाराज नदीकाठी शिळेवर अन्नपाण्याविना बसून राहिले. तेराव्या दिवशी वह्या पाण्यावर तरंगत वर आल्या, अशी श्रद्धा आहे. लोकांच्या मुखी असलेले अभंग बुडणे शक्यच नव्हते, असाही अर्थ अभ्यासक लावतात. पुढे रामेश्वर भट्टच महाराजांचे शिष्य झाले.

ज्या नदीला महाराजांनी आपली येणी दिली, त्याच नदीने त्यांचे शब्द जपले, अशी वारकऱ्यांची भावना आहे. देहूच्या डोहात मासे धरू नयेत हा संकेत पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला, आणि त्यामुळे तेथील महसीर मासे दीर्घकाळ सुरक्षित राहिले. कायद्याच्या आधी श्रद्धेने राखलेले हे एक अभयारण्यच होते.

१६५० साली फाल्गुन वद्य द्वितीयेला महाराजांनी इहलोकीची यात्रा संपवली. हा दिवस तुकाराम बीज म्हणून पाळला जातो आणि देहूच्या नांदुरकीच्या झाडाखाली हजारो भाविक जमतात. एका संताची आठवण एका झाडाच्या सावलीत जपली जावी, हे किती यथार्थ आहे! महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला. ती पालखी आजही दर आषाढीला आकुर्डीत मुक्काम करून औद्योगिक नगरीतून पंढरपूरकडे जाते.

आजची इंद्रायणी

महाराजांच्या काळातील इंद्रायणी आज राहिलेली नाही. लोणावळ्याजवळ कुरवंडे येथे उगम पावणारी ही नदी देहू, आळंदीवरून जाऊन तुळापूरला भीमेला मिळते. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, त्यानंतर औद्योगिक वसाहत आली, १९८२ साली महानगरपालिका झाली आणि पुढे चाकणचा पट्टा वाढला. या उद्योगांनी लाखो घरांना भाकरी दिली, दुष्काळी जिल्ह्यांतून आलेल्या कुटुंबांना आसरा दिला. आपल्यापैकीही अनेकांची चूल त्यांच्यावर पेटते. हे ऋण नाकारण्याचे कारण नाही.

परंतु दुसरेही एक ऋण आहे. वाढत्या वस्त्यांचे सांडपाणी आणि प्रक्रिया न केलेले औद्योगिक पाणी नदीत उतरते. साबण व धुण्याच्या पावडरीतील द्रव्ये पाण्यात साचतात आणि आळंदीच्या बंधाऱ्यावरून पाणी कोसळले की पांढऱ्या फेसाचे डोंगर उभे राहतात. त्याच फेसात वारकरी स्नान करतात. सांडपाण्यातील खतावर जलपर्णी माजते आणि माशांचा प्राणवायू हिरावून घेते.

नदीचे पात्रही आक्रसले आहे. चिखली येथे पूररेषेच्या आत बांधलेले ३६ बंगले न्यायालयीन आदेशानंतर मे २०२५ मध्ये पाडावे लागले. अनेकांनी आयुष्यभराची पुंजी गमावली. नदीची जागा विकणारे कुणी एक असतात आणि किंमत मोजणारे दुसरेच, हे त्या दिवशी दिसले.

पावसाचेही तंत्र बिघडत आहे. पुण्याच्या पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचे त्यात दाखवून दिले आहे. एका वर्षी ओढ आणि पुढच्या वर्षी कोसळणे, हे १६३० व १६३१ साली घडले होते. त्या वेळी माणसाच्या हाती काही नव्हते. आज पृथ्वी तापवणारा धूर आपल्याच चिमण्यांतून आणि वाहनांतून निघतो. त्या अर्थाने आपली जबाबदारी महाराजांच्या पिढीहून मोठी आहे.

निराशेचे मात्र कारण नाही. २००८ साली भामचंद्र डोंगराच्या पायथ्याशी शिंदे-वासुली येथे डाऊ केमिकलचे संशोधन केंद्र उभारण्याचे काम सुरू झाले, तेव्हा नदीचे पाणी बिघडेल या भीतीने वारकरी व ग्रामस्थ रस्त्यावर उतरले. ते केंद्र तेथे होऊ शकले नाही. टाळ-मृदंग घेऊन चालणारी माणसे डोंगर आणि नदी यांच्यासाठी उभी राहिली, यामागे तुकोबांचीच शिकवण होती.

आपण काय करावे?

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली सृष्टिरक्षणाविषयी जगाला परिपत्र लिहिले. निसर्गाची हानी आणि गरिबांचे हाल हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, हा त्याचा गाभा आहे. रखमाबाईंच्या मृत्यूची कहाणी ज्याला ठाऊक आहे, त्या मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. पाऊस चुकला की पहिला घास गरिबाच्या ताटातून जातो.

प्रिय वाचकहो, तुकाराम महाराजांनी लोकांकडून येणे असलेली खते पाण्यात सोडली. आपल्या हाती आज उलटी खते आहेत, कारण आपण नदीचे, डोंगराचे आणि येणाऱ्या पिढीचे देणेकरी आहोत. ही खते बुडवून चालणार नाही, ती फेडावी लागतील. घरातील धुण्याची पावडर बेताने वापरणे, आपल्या सोसायटीचे सांडपाणी कोठे जाते याची चौकशी करणे, ज्या कारखान्यात आपण काम करतो तेथील पाणी शुद्ध करूनच बाहेर सोडले जाते ना हे विचारण्याचे धैर्य दाखवणे, आणि पालखी शहरातून जाईल त्या दिवशी वारकऱ्याला पाण्याचा पेला देताना ते पाणी कोणत्या नदीचे, याची आठवण ठेवणे, एवढे तर आपल्या हाती आहे.

देहूच्या त्या कुणबी संताने नदीला सोयरी मानले होते. तिच्या आजारपणात तिला भेटायला जाण्याची पाळी आता आपली आहे.