इझंबार्ड ब्रुनेल व त्याचे दोन झुलते पूल

लंडन शहरांत थेम्स नदीच्या कांठीं चेअरिंग क्रॉस नांवाचें रेल्वेस्टेशन आहे. तेथून आगगाडी लोखंडी पुलावरून नदी ओलांडते. ह्या पुलाच्या दोन्ही बाजूंस पायीं जाणारांसाठीं इ. स. २००२ मध्यें नवे पूल बांधले आहेत. त्यांवरून चालणारा प्रवासी जरा थांबून पाहील, तर आगगाडीच्या पुलास आधार देणारे विटांचे दोन जुने, भक्कम खांब त्याच्या दृष्टीस पडतील. हे खांब मुळीं आगगाडीसाठीं बांधलेलेच नव्हते. ते एका झुलत्या पुलाचे होत. व तो पूल बांधणारा इंजिनियर इझंबार्ड किंग्डम ब्रुनेल ह्याचें चरित्र प्रत्येक विद्यार्थ्यानें जाणून घ्यावें असें आहे.

ब्रुनेलचा जन्म ता. ९ एप्रिल १८०६ रोजीं पोर्ट्समथ येथें झाला. त्याचे वडील मार्क ब्रुनेल हे फ्रान्समध्यें जन्मलेले नामांकित इंजिनियर होते. बुद्धि अलौकिक, परंतु हातीं पैसा टिकेना. १८२१ सालीं कर्जापायीं त्यांस तुरुंगवास भोगावा लागला. त्या वेळीं मुलगा फ्रान्समध्यें शिकत होता. पुढें वडिलांनीं थेम्सच्या तळाखालून बोगदा खणण्याचें काम हातीं घेतलें, व तरुण इझंबार्ड तेथें देखरेख करूं लागला. १८२८ च्या जानेवारींत नदीचें पाणी बोगद्यांत घुसलें. सहा माणसें मृत्यु पावलीं. ब्रुनेल जबर जखमी झाला, पण वांचला.

पुढच्याच वर्षीं ब्रिस्टल शहराजवळ, क्लिफ्टन येथें, एव्हन नदीच्या खोल दरीवर पूल बांधण्यासाठीं नकाशे मागविण्यांत आले. ब्रुनेलनें आपले नकाशे पाठविले. पहिल्या खेपेस ते नापसंत झाले. तरी त्यानें धीर सोडला नाहीं, व १८३१ सालीं त्याचीच निवड झाली. परंतु त्याच वर्षीं ब्रिस्टलमध्यें मोठा दंगा झाला आणि काम थांबलें. कांहीं वर्षांनीं तें पुन्हां सुरू झालें, तों १८४३ मध्यें पैसा संपला. दरीच्या दोन कडांवर दोन मनोरे तेवढे उभे राहिले. पुलासाठीं घडविलेल्या सांखळ्यादेखील पुढें विकाव्या लागल्या.

ब्रुनेल मात्र हात जोडून बसला नाहीं. लंडन ते ब्रिस्टल हा लोहमार्ग त्यानें १८४१ मध्यें पुरा केला; अटलांटिक ओलांडणारीं आगबोटी बांधण्याचें कामही केलें. लंडनमधील हंगरफोर्ड बाजारास नदीपलीकडील गिऱ्हाईक मिळावें म्हणून केवळ पादचाऱ्यांसाठीं त्यानें एक झुलता पूल बांधला. ता. १ मे १८४५ रोजीं तो खुला झाला. नदींत दोनच खांब. त्यांच्या माथ्यांवरून लोखंडी सांखळ्या ओढलेल्या, व सांखळ्यांना लोंबणाऱ्या गजांनीं वाट तोललेली. मधला गाळा ६७६ फूट लांबीचा होता. अर्धा पेनी दिला कीं कोणासही पलीकडे जातां येई.

त्याच्या हातून चुकाही झाल्या. हवेच्या दाबानें गाडी चालविण्याची त्याची योजना १८४८ मध्यें सोडून द्यावी लागली. ग्रेट ईस्टर्न ह्या प्रचंड जहाजाच्या चिंतेनें त्याचें शरीर खंगलें. ता. १५ सप्टेंबर १८५९ रोजीं, वयाच्या ५३ व्या वर्षीं, तो मरण पावला. ज्या जहाजानें त्यास पार थकविलें, त्यानेंच १८७० मध्यें एडन व मुंबई ह्यांमधील तारायंत्राची तार समुद्रांत टाकली.

ब्रुनेलच्या मृत्यूच्या सुमारास रेल्वेकंपनीनें हंगरफोर्डचा पूल विकत घेतला. खांब ठेविले, बाकीचा पूल उतरविला. तेव्हां त्याच्या व्यवसायबंधूंनीं विचार केला कीं, त्याचें अपुरें राहिलेलें काम पुरें करणें हेंच त्याचें खरें स्मारक होय. त्यांनीं त्या पुलाच्या सांखळ्या विकत घेऊन क्लिफ्टनला नेल्या, मूळ नकाशांत कांहीं फेरफार केले, आणि ता. ८ डिसेंबर १८६४ रोजीं तो पूल खुला झाला. त्याच सांखळ्यांवर तो आजही उभा आहे.

पंचविशीच्या उमेदींत आरंभिलेला तो पूल पुरा झालेला ब्रुनेलला पाहावयास मिळाला नाहीं. परंतु एका नदीवर त्यानें मन लावून केलेलें काम मोडलें, तरी दुसऱ्या नदीवर उपयोगी पडलें. विद्यार्थिमित्रांनो, आपलें एखादें काम अर्धवट राहिलें म्हणून खिन्न होऊं नका. आज हातीं असलेली कडी मात्र भक्कम घडवा. ती कोठें व कोणाच्या उपयोगीं पडेल, हें आज कोणास सांगतां येणार?