पायांनी संगीत शिकवणारे गुरुजी

(इयत्ता चौथी)

एमिल जाक-दालक्रोझ यांचा जन्म ६ जुलै १८६५ रोजी ऑस्ट्रिया देशातील व्हिएन्ना शहरात झाला. नाव म्हणायला अवघड आहे, पण दोनतीनदा मोठ्याने म्हटले की जमते. त्यांचे आईवडील मूळचे स्वित्झर्लंडचे. वडील स्वित्झर्लंडची घड्याळे व्हिएन्नात विकण्याचे काम करीत. आई मुलांना संगीत शिकवायची. स्वित्झर्लंडमध्ये पेस्टालॉझी नावाचे थोर शिक्षणतज्ज्ञ होऊन गेले. मुलांनी नुसते पाठ करू नये, पाहून आणि हाताने करून शिकावे, असे त्यांचे मत होते. आईला ते मत पटलेले होते, म्हणून ती तशीच शिकवायची. घरात एकीकडे घड्याळे आणि दुसरीकडे गाणे. अशा घरातला मुलगा पुढे ताल शिकवणारा झाला, याची मला गंमत वाटते.

एमिल दहा वर्षांचे झाले तेव्हा, म्हणजे १८७५ साली, सगळे घर स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहरात राहायला आले. दोन वर्षांनी ते तिथल्या संगीताच्या मोठ्या शाळेत जाऊ लागले. रोजची शाळा मात्र त्यांना आवडत नसे. तिथे सगळे पाठ करावे लागे. नाटकात काम करणे, गाणी रचणे आणि ती मित्रांना म्हणून दाखवणे यात ते रमायचे.

पुढे ते पॅरिसला गेले. तिथे नाटकही शिकले आणि संगीतही शिकले. १८८६ साली त्यांना आफ्रिकेतल्या अल्जिअर्स शहरात एका नाटकगृहात काम मिळाले. तिथे वाद्यवृंदाला हाताने ताल दाखवायचा असे. अल्जिअर्समधले अरबी वादक वेगळेच ताल वाजवायचे. युरोपात तेव्हा बहुतेक गाणी दोन, तीन नाहीतर चार मात्रांत बसत. इथे मात्रांचे लहानमोठे गट एकापुढे एक येत. आपल्या भजनात सात मात्रांचा ताल असतो, तीन, दोन, दोन असा. तसलाच प्रकार. दालक्रोझ यांनी असे पूर्वी ऐकले नव्हते. ते त्यांच्या डोक्यात बसले ते बसलेच.

त्यांचे खरे आडनाव नुसते जाक होते. पण दुसरे एक जाक नावाचे संगीतकार आधीच होते. म्हणून गाणी छापणाऱ्याने नाव बदलायला सांगितले. त्यांच्या एका मित्राचे आडनाव व्हालक्रोझ होते. त्यातले पहिले अक्षर बदलून त्यांनी दालक्रोझ केले आणि आपल्या नावाला जोडले. नाव असे घरच्या घरी तयार करता येते हे मला माहीत नव्हते.

१८९२ साली जिनिव्हाच्या त्याच संगीतशाळेत ते शिक्षक झाले. आता खरी गोष्ट सुरू होते.

त्यांच्याकडे संगीत कागदावर खुणांनी लिहितात. विद्यार्थी त्या खुणा पाहून पियानो वाजवतात. पियानो म्हणजे पेटीसारख्या पट्ट्या असलेले, पण खूप मोठे वाद्य. त्याला भाता नसतो. आत तारा असतात आणि पट्टी दाबली की आतली छोटी हातोडी तारेवर बसते. दालक्रोझ यांच्या वर्गातली मुले मोठी होती, हुशारही होती. त्यांची बोटे भराभर चालायची. पण त्यांनी कागदावर जे सूर लिहिले ते कसे ऐकू येतील, हे त्यांनाच कळत नसे. गणितासारखे नियम लावून ती सूर लिहायची. म्हणजे पाककृती सुंदर अक्षरात लिहिली, पण आमटी कधी चाखलीच नाही असे झाले. आणि वाजवताना ताल सुटायचा. मध्येच घाई, मध्येच ढिलाई.

दुसरा कुणी शिक्षक असता तर रागावला असता, नाहीतर तेच शंभर वेळा वाजवायला लावले असते. दालक्रोझ यांनी मुलांकडे नीट पाहिले. वाजवताना ताल चुकणारा विद्यार्थी चालताना मात्र चुकत नव्हता. त्याची पावले सारख्या अंतराने, सारख्या वेळाने पडत. चालताना कोणी त्याला एक, दोन मोजून देत नव्हते. गाणे ऐकताना काही मुलांचे पाय आपोआप हलत, माना डोलत. याचा अर्थ ताल अंगात होता. तो तिथून बोटांपर्यंत पोचत नव्हता इतकेच. मग त्यांनी ठरवले की आधी पायांना शिकवायचे, पियानो नंतर.

मला या गोष्टीत हेच फार आवडले. कारण ताल चुकणाऱ्या पोराला सगळे ढब्बू म्हणतात आणि मागे बसवतात. यांनी त्याला मधोमध उभे करून चालायला लावले.

आता ते कसे शिकवायचे ते सांगतो. दालक्रोझ पियानोवर बसत आणि मनातल्या मनात रचून काहीतरी वाजवत. मुले मोकळ्या खोलीत गोलाकार चालत. एका मात्रेच्या सुराला एक पाऊल. अर्ध्या मात्रेचे सूर आले की पळायचे. दोन मात्रांचा लांब सूर आला तर एक पाऊल टाकायचे आणि दुसऱ्या मात्रेला गुडघा वाकवायचा. चार मात्रांचा सूर असेल तर एकच पाऊल टाकून बाकीच्या तीन मात्रा त्याच पायाच्या हालचालींनी जागेवर भरून काढायच्या. म्हणजे लांब सूर रिकामा जात नाही, तो अंगाने भरावा लागतो. त्याच वेळी हातांनी मात्रा दाखवायच्या. वाजवणे मोठे झाले की पाऊल जोरात, हळू झाले की मांजरासारखे.

मध्येच गुरुजी हॉप असे ओरडत. ते ओरडले की लगेच ठरलेली गोष्ट करायची. कधी थांबायचे, कधी उलटे फिरायचे, कधी उडी मारायची. केव्हा ओरडतील ते आधी कळत नसे. त्यामुळे कान सारखे जागे ठेवावे लागत. शेजाऱ्याचे बघून करता येत नसे, कारण तोवर उशीर झालेला असे.

याहून अवघड एक प्रकार होता. गुरुजी तालाचा एक तुकडा वाजवणार. मग ते दुसरा तुकडा वाजवायला लागले की मुलांनी पहिला पायांनी चालून दाखवायचा आणि दुसरा कानांनी लक्षात ठेवायचा. शुद्धलेखनाच्या तासाला गुरुजी पुढचे वाक्य सांगतात आणि आपण मागचे लिहीत असतो ना, तसेच हे.

आम्ही चारपाच जणांनी हातांनी तीन आणि पायांनी दोन मात्रा असे मैदानात करून पाहिले. सुट्टी संपली तरी एकालाही धड जमले नाही. लेझमीच्या पथकातली एक मुलगी तेवढी थोडी जमवत होती. दालक्रोझ यांचे विद्यार्थी तर असले व्यायाम रोज करीत.

पण लोकांना हे सहज पटले नाही. मोकळे हलता यावे म्हणून मुलामुलींनी अनवाणी आणि हात उघडे असलेल्या कपड्यांत शिकावे, असे दालक्रोझ यांचे म्हणणे होते. त्या काळी तिकडच्या बायका पायघोळ झगे घालीत. त्यामुळे जिनिव्हात गवगवा झाला. संगीताच्या वर्गात उघडे पाय म्हणजे काय, असे लोक विचारू लागले. आम्ही तर रोज वर्गाबाहेर चपला काढतो, त्यामुळे मला यात भांडण्यासारखे काही दिसत नाही. संगीतशाळेनेही हा विषय आपल्या नेहमीच्या अभ्यासात घेतला नाही. मग दालक्रोझ यांनी बाहेर जागा घेऊन वर्ग चालवले. एदुआर क्लापारेद नावाचे मानसशास्त्रज्ञ मात्र त्यांच्या बाजूचे होते. मुलांचे मन कसे चालते याचा ते अभ्यास करीत. हे काम महत्त्वाचे आहे हे त्यांनी ओळखले होते.

१८९९ साली दालक्रोझ यांचे लग्न झाले होते. पत्नी गायिका होत्या आणि नीना फालिएरो या नावाने गात. १९०५ साली सोलोथुर्न गावी संगीतकारांच्या संमेलनात दालक्रोझ यांनी आपली पद्धत करून दाखवली. तेव्हापासून नाव पसरले. पुढच्या वर्षी शिक्षकांसाठी पहिला वर्ग निघाला. या शिक्षणाला फ्रेंच भाषेत रिदमिक म्हणतात आणि इंग्रजीत युरिदमिक्स.

मग जर्मनीतून बोलावणे आले. ड्रेस्डेन शहराजवळ हेलेराउ नावाची नवी वसाहत उभी राहत होती. तिथे लाकडी सामानाचा कारखाना होता आणि कामगारांसाठी बागांसह घरे बांधली होती. तिथले वोल्फ डोर्न यांनी दालक्रोझ यांना सांगितले की आम्ही तुमच्यासाठी शाळा बांधून देतो. १९१० साली दालक्रोझ तिकडे गेले. शाळेत एक मोठा दिवाणखाना होता. त्यात पडदा नव्हता, उंच रंगमंचही नव्हता. भिंतींवर आणि छताला पांढरे कापड लावले होते आणि त्यामागे हजारो दिवे. दिवा दिसायचा नाही, सगळी खोलीच उजळायची आणि संगीताबरोबर उजेड कमीजास्त व्हायचा. आडोल्फ आपिया नावाच्या मित्राने तिथे नुसत्या पायऱ्यापायऱ्यांचे देखावे सुचवले. आसपासच्या कामगारांच्या मुलांनाही या शाळेत शिकायला मिळे.

१९१२ आणि १९१३ साली तिथे मोठे उत्सव झाले. ऑर्फियस नावाचा गवई मेलेल्या बायकोला आणायला पाताळात जातो, अशी ग्रीक लोकांची जुनी कथा आहे. त्यावर ग्लुक यांनी रचलेले संगीतनाटक विद्यार्थ्यांनी केले. पाताळाच्या पायऱ्यांवर मुले संगीताच्या तालात हलत होती. इंग्लंडचे नाटककार बर्नार्ड शॉ ते पाहायला आले होते. दालक्रोझ यांची पोलंडची एक शिष्या होती, मारी रॅम्बर्ट. पॅरिसमध्ये स्ट्राव्हिन्स्की यांच्या नव्या संगीतावर निजिन्स्की नृत्य बसवत होते. त्याचे ताल इतके अवघड की नर्तकांना मोजताच येईनात. तेव्हा ताल समजावून द्यायला रॅम्बर्ट यांना बोलावले. ते नृत्य १९१३ साली झाले. पुढे रॅम्बर्ट यांनी इंग्लंडमध्ये स्वतःची नृत्यसंस्था काढली.

इतके सगळे चांगले चालले होते आणि १९१४ साल उजाडले. फेब्रुवारीत वोल्फ डोर्न बर्फावर घसरपट्ट्यांनी जाताना अपघातात वारले. उन्हाळ्यात दालक्रोझ एका उत्सवासाठी जिनिव्हाला आले. जिनिव्हा स्वित्झर्लंडला जोडले गेले त्याला शंभर वर्षे झाली होती. सरोवराच्या काठावर मोठे नाटकगृह उभारले होते. नाटकात शेवटी मागची बाजू उघडली आणि खरे सरोवर दिसले. त्यातून खऱ्या नावेत बसून शिपाई आले. हे मला पाहायला मिळाले असते तर फार बरे झाले असते.

थोड्याच दिवसांत पहिले महायुद्ध सुरू झाले. सप्टेंबरमध्ये जर्मन सैन्याने फ्रान्समधल्या रेंस शहरातल्या जुन्या, प्रसिद्ध चर्चवर तोफा डागल्या. जिनिव्हातल्या लोकांनी याच्या निषेधाचे पत्रक काढले. त्यावर दालक्रोझ यांनीही सही केली. त्यांची शाळा जर्मनीत, पैसा देणारे जर्मन, कितीतरी शिष्य जर्मन. सही केली नसती तर कदाचित सगळे टिकलेही असते. पण त्यांनी सही केली. जर्मनीत लोक चिडले. हेलेराउची दारे त्यांना बंद झाली. तो दिवाणखाना, ते दिवे, त्या पायऱ्या, सगळे तिकडेच राहिले. पुढे त्या इमारतीत सैनिक राहू लागले. शेवटचे सैनिक, रशियाचे, १९९२ साली तिथून गेले. आता तिथे पुन्हा नाच आणि नाटके होतात.

दालक्रोझ पन्नाशीला आले होते. जिनिव्हातल्या मित्रांनी वर्गणी जमवली आणि १९१५ साली तेरासिएर नावाच्या रस्त्यावर त्यांची संस्था सुरू झाली. उघड्या पायांना नावे ठेवणारे हेच शहर. पुढची पस्तीस वर्षे त्यांनी तिथे काम केले. संस्थेत देशोदेशीचे शिक्षक शिकायला येत आणि आपल्या देशात जाऊन शिकवीत. दालक्रोझ यांनी पुस्तके लिहिली, शेकडो गाणी रचली. त्यांतली पुष्कळ मुलांनी हातवारे करत म्हणायची आहेत.

१ जुलै १९५० रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले. पाच दिवसांनी त्यांना पंचाऐंशी वर्षे पूर्ण झाली असती.

संस्था अजून त्याच रस्त्यावर आहे. तिथे आता म्हातारी माणसेही येतात. जिनिव्हाच्या डॉक्टरांनी पासष्ट वर्षांवरच्या १३४ जणांवर एक प्रयोग केला आणि तो २०११ साली छापून आला. ही माणसे आठवड्यातून एक तास, असे सहा महिने पियानोच्या तालावर चालली. वळायचे, थांबायचे, हातांनी एक आणि पायांनी दुसरे करायचे, सगळे दालक्रोझ यांच्या पद्धतीने. त्यांचा तोल सुधारला, आणि चालताना पडण्याचे प्रमाण खूप कमी झाले.