चाकांवरचा गारवा

पिकअपच्या एसीची कूलिंग कॉइल बदलताना कधी पाहिलंय? नसेल, तर एकदा गॅरेजात जाऊन बघाच. पंखा फुल्ल स्पीडला आणि हवा मात्र गरम, अशी तक्रार घेऊन गाडी येते. मेकॅनिक गॅसचं प्रेशर बघतो, पाइपांचे जोड तपासतो आणि शेवटी मान हलवतो. गळती कॉइललाच आहे! आता ही कॉइल असते कुठे, तर डॅशबोर्डच्या पोटात. म्हणजे मीटर काढा, ग्लोव्ह बॉक्स काढा, वायरींचे जुडगे सोडवा आणि बऱ्याच गाड्यांत अख्खा डॅशबोर्डच उतरवा. एवढ्या खटाटोपानंतर हातात काय येतं? एखाद्या जाड वहीएवढी, धूळ आणि ओलाव्यानं बुजलेली अॅल्युमिनियमची जाळी. थंड प्रदेशातल्या गाड्यांत हीटरचीही हीच गत. इंजिनातलं गरम पाणी फिरवणारा त्याचा चिमुकला रेडिएटर गळायला लागला, की तोही असाच आतून ओढून काढावा लागतो. पार्ट एवढासा आणि मजुरी एवढी मोठी!

असं काम करताना प्रत्येक मेकॅनिकच्या मनात एक प्रश्न येतोच. हे बनवणाऱ्यानं बदलणाऱ्याचा विचार केला होता का?

असा विचार करणारा एक माणूस होऊन गेला. गाडीवर बसणारं कूलिंग यंत्र त्यानं बनवलं, तेही आयुष्याची बरीच वर्षं दुसऱ्यांच्या बिघडलेल्या वस्तू दुरुस्त केल्यावर. इंजिनिअरिंग कॉलेजची पायरी तो कधीच चढला नाही. नाव फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स.

फ्रेडचा जन्म १७ मे १८९३ चा, अमेरिकेतल्या सिनसिनाटी भागातला. वडील आयरिश वंशाचे, आई कृष्णवर्णीय. आईचं छत्र फार लवकर हरपलं. एकट्या वडिलांना पोराला सांभाळणं जमेना, म्हणून त्यांनी त्याला नदीपलीकडच्या केंटकीत एका कॅथलिक पाद्र्याकडे ठेवलं. तिथे दोन वेळचं जेवण होतं, थोडंफार शिक्षण होतं आणि बदल्यात पडेल ते काम होतं. पोराचा जीव मात्र यंत्रांत. अकरा-बारा वर्षांचा असताना तो तिथून निघाला तो थेट सिनसिनाटीच्या एका मोटार गॅरेजात. काम मिळालं झाडू मारायचं.

तेव्हा मोटारगाडी हीच नवलाई होती. ती शिकवणारी कॉलेजं नव्हती की कोर्सेस नव्हते. फ्रेड झाडता झाडता बघत राहिला. विशीच्या आतच तो त्याच गॅरेजात फोरमन झाला. शर्यतीच्या गाड्या बांधायचाही नाद लागला. शर्यतीची गाडी म्हणजे आदळआपटीची कठोर परीक्षाच. कुठला नट सैल होतो, कुठला पाइप तडकतो, हे ती बरोबर दाखवून देते. हा धडा पुढे त्याच्या फार कामी आला.

१९१२ च्या सुमारास तो मिनेसोटा राज्यातल्या हॅलॉक गावी पोहोचला. कॅनडाच्या सीमेजवळचं हे छोटंसं गाव, हिवाळा हाडं गोठवणारा. तिथल्या एका अवाढव्य शेतीफार्मवर यंत्रं दुरुस्त करायची नोकरी लागली. दिवसा ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रं, रात्री पुस्तकं. वीज म्हणजे काय, ती वाहते कशी, हे त्यानं स्वतःच वाचून आणि करून पाहून शिकून घेतलं. पहिल्या महायुद्धात सैन्यात भरती होऊन तो फ्रान्सला गेला. तिथे छावणीच्या विजेची आणि टेलिफोनची कामं त्याच्याकडे आली. परतला तो सार्जंट होऊन, आणि पुन्हा हॅलॉकलाच.

यानंतरचा हॅलॉकमधला काळ म्हणजे एकदम भारी प्रकरण. गावाला रेडिओ केंद्र हवं होतं, फ्रेडनं ट्रान्समीटर बांधला. बर्फात डॉक्टरांना पेशंटपर्यंत पोहोचता येईना, त्यानं स्की लावलेल्या सांगाड्यावर विमानाचा पंखा बसवून बर्फावर पळणारी गाडी केली. पेशंटला एक्स-रेसाठी हलवणं धोक्याचं असायचं, त्यानं उचलून नेता येईल असं एक्स-रे यंत्र जुळवलं. यातल्या बऱ्याच गोष्टींचं पेटंट वगैरे घ्यायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. गावाची अडचण सुटली, विषय संपला.

मग सिनेमा बोलायला लागला. मूकपटांची थिएटरं चालवणाऱ्यांची पंचाईत झाली, कारण आवाजाची नवी यंत्रं परवडणारी नव्हती. हॅलॉकच्या थिएटरसाठी फ्रेडनं भंगारातले भाग वापरून ध्वनियंत्रणा बनवली आणि ती चक्क उत्तम चालली! ही बातमी मिनियापोलिसमध्ये सिनेमाची उपकरणं विकणाऱ्या जोसेफ न्यूमेरोंच्या कानावर गेली. त्यांनी फ्रेडला आपल्या कंपनीत बोलावून घेतलं. तो काळ लक्षात घ्या. कृष्णवर्णीय माणसाला अनेक कारखान्यांत झाडू-पुसण्यापलीकडचं काम मिळत नव्हतं. इथे मात्र तो डिझाइन करत होता, आणि पदवीधर इंजिनिअर त्याची ड्रॉइंग्ज समजून घेत होते. थिएटरात तिकीट काढून देणाऱ्या यंत्राचं पेटंट १९३९ साली त्याच्या नावावर लागलं.

खरी कलाटणी मिळाली ती त्याआधी वर्षभर, १९३८ मध्ये. न्यूमेरोंच्या ओळखीतल्या एका ट्रक व्यावसायिकाचा कोंबडीच्या मांसानं भरलेला ट्रक वाटेतच सडला, कारण आतला बर्फ वितळून गेला होता. तेव्हा गाडीत माल थंड ठेवायचा म्हणजे बर्फाच्या लाद्या आणि मीठ, एवढाच उपाय. वाटेत टायर पंक्चर झाला, ऊन वाढलं, की माल गेलाच. गोल्फच्या मैदानावर गप्पा मारताना न्यूमेरो गमतीनं म्हणून गेले, की आपण करून देऊ यंत्र. आणि पुढे खरोखरच ट्रक दारात येऊन उभा राहिला, असं सांगतात. निस्तरायचं कुणी? अर्थातच फ्रेडनं!

आता इथे थोडं तंत्र समजून घेऊ. घरातला फ्रिज काय किंवा पिकअपचा एसी काय, तत्त्व एकच. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, कंडेन्सरमध्ये तो गॅस उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, मग बारीक वाटेतून निसटून कूलिंग कॉइलमध्ये येतो आणि तिथे पुन्हा वायू होताना आजूबाजूची उष्णता शोषून घेतो. हे विज्ञान १९३८ मध्ये जुनंच होतं. अडचण होती ती रस्त्याची. एका जागी उभ्या असलेल्या यंत्राला हादरे बसत नाहीत, धावणाऱ्या ट्रकमध्ये मात्र पाइपांचे जोड तडकतात आणि गॅस उडून जातो.

शर्यतीच्या गाड्या बांधलेल्या माणसाला हादऱ्यांबद्दल काय सांगायचं! फ्रेडनं स्वतःचं इंजिन असलेलं, धक्के सोसणारं यंत्र बनवलं. पण पहिलं मॉडेल फसलं म्हणायला हरकत नाही. ते ट्रकच्या पोटाखाली बसवलं होतं, वजन जवळपास एक टन. रस्त्यावरचा चिखल आणि धूळ उडून त्यात जायची आणि यंत्र बुजायचं. आपल्या पिकअपच्या कॉइलचं दुखणं हेच, नाही का?

फ्रेडनं यंत्राला दोष दिला नाही की रस्त्याला. त्यानं जागा बदलली. यंत्र हलकं, आटोपशीर केलं आणि ट्रकच्या डब्याच्या पुढच्या भिंतीवर, ड्रायव्हरच्या केबिनच्या वर नेऊन बसवलं. तिथे चिखल पोहोचत नाही, हवा मोकळी मिळते आणि मेकॅनिकचा हातही सहज जातो. गाड्यांच्या एअर कंडिशनरचं त्याचं पेटंट १९४२ चं. पण मला जास्त आवडतं ते १९४३ चं. ते आहे काढून घेता येणाऱ्या कूलिंग युनिटचं. म्हणजे एखादा भाग कधी ना कधी बिघडणारच, हे धरूनच त्यानं तो बनवला. त्याच वर्षी इंजिन आपोआप चालू-बंद करणाऱ्या यंत्रणेचंही पेटंट मिळालं, म्हणजे ड्रायव्हरनं सारखं खाली उतरून बघायलाही नको.

न्यूमेरोंनी सिनेमाचा धंदा विकून या यंत्रांचीच कंपनी उभी केली. तीच पुढे थर्मो किंग नावानं जगभर पोहोचली. दुसऱ्या महायुद्धात आघाडीवरच्या सैनिकांसाठी अन्न, औषधं आणि रक्त थंड ठेवायला फ्रेडची यंत्रं गेली. युद्धानंतर ताजी भाजी, मांस, दूध शेकडो मैल लांब जायला लागलं. हंगाम आणि अंतर यांचं गणितच बदललं. आपल्या नाशिकची द्राक्षं थंड कंटेनरमधून युरोपात जातात, तो प्रवासही याच वाटेवरचा.

१९४४ मध्ये अमेरिकेतल्या रेफ्रिजरेशन इंजिनिअर्सच्या संस्थेनं त्याला सदस्य करून घेतलं. हा मान मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय. आयुष्यभरात साठहून अधिक पेटंट्स त्याच्या नावावर जमा झाली, त्यातली चाळीस कूलिंगशी संबंधित. २१ फेब्रुवारी १९६१ रोजी मिनियापोलिसमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरनं तो गेला. देशाचं तंत्रज्ञानाचं राष्ट्रीय पदक त्याला मिळालं ते १९९१ मध्ये, मृत्यूनंतर तीस वर्षांनी, न्यूमेरोंसोबत. पदक घ्यायला दोघांच्या पत्नी गेल्या होत्या.

आता यातून डिग्रीची गरजच नाही, असा सोयीचा अर्थ काढू नका हं. फ्रेडला कॉलेज मिळालं नाही, म्हणून तो रात्री जागून शिकला. तुमच्याकडे कॉलेज आहे, पण कदाचित काळे झालेले हात नाहीत. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलवाल्यांनो, प्रोजेक्टचं मॉडेल सबमिट करायच्या आधी एकदा स्वतःलाच विचारा, की यातला सगळ्यात आधी बिघडणारा भाग कुठला आणि तो बदलायला किती स्क्रू काढावे लागतील? व्हायव्हात कुणी विचारणार नाही कदाचित. गॅरेजातला दादा मात्र नक्की विचारेल.

आणि पुढच्या वेळी हायवेवर थंड मालाचा एखादा ट्रक दिसला, तर ड्रायव्हरच्या केबिनच्या वर बघा. कपाळावर बसवलेली ती गुणगुणणारी पेटी दिसेल. झाडू मारता मारता शिकलेल्या फ्रेडनं तिला चिखलातून उचलून तिथे नेलंय.